ड्रम कोण वाजवणार? ठाण्यातल्या एका जुन्या मेटल बँडच्या तिसऱ्या अल्बमचं प्रकरण

हे प्रकरण ठाण्यातल्या पाच जणांच्या एका हेवी मेटल बँडचं आहे. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत त्यांनी आपला तिसरा स्टुडिओ अल्बम केला. हिशेब आणि तारखा सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे बहुतेक बैठकांना मी हजर होतो. पाचही जणांच्या संमतीनं लिहितो आहे. बँडचं, माणसांचं, गाण्यांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

बँड सुरू झाला १९९८ साली, नौपाड्यात, कॉलेजच्या मुलांचा. त्या काळात ठाण्याच्या पोराला मेटल ऐकायचं तर कॅसेटवरून कॅसेट उतरवून घ्यायची, आणि प्रत्यक्ष बघायचं तर लोकल पकडून धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक महोत्सव गाठायचा. पुढे तेही गेलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा पट्टा तेव्हा शांतता क्षेत्र धरत. रंगभवनच्या शेजारी कॉलेजही आहे आणि रुग्णालयंही. तिथल्या मैफिली थांबल्या तेव्हा हा बँड नुकता कुठे उभा राहत होता.

पहिला अल्बम २००३ मध्ये आला, दुसरा २०१० मध्ये. त्यानंतर संसार, बदल्या, घराचे हप्ते. जुना गिटारवादक परदेशी गेला आणि २०१७ मध्ये त्याच्या जागी एक तरुण मुलगा आला. पहिला अल्बम आला तेव्हा हा पाचवीत होता. अल्बम ठरला तेव्हाची मंडळी अशी: गायक ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत, थोरला गिटारवादक विम्याच्या धंद्यात, बेसवादकाचं वागळे इस्टेटमध्ये वडिलांपासून चालत आलेलं डाय बनवण्याचं वर्कशॉप, ड्रमर कोपरीत ड्रमचे क्लास घेतो, आणि धाकटा गिटारवादक, वय ३२, घणसोलीच्या घरून जाहिराती आणि मालिकांसाठी संगीत करतो. बाकी चौघं पन्नाशीकडे झुकलेले.

सराव दर रविवारी संध्याकाळी बेसवादकाच्या गाळ्यात. लेथ एका बाजूला, ड्रमकिट दुसऱ्या बाजूला. जागेचं भाडं नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. बँड इतकी वर्षं टिकला यात या गाळ्याचा वाटा गाण्यांइतकाच आहे असं मला वाटतं.

अल्बमसाठी प्रत्येकानं ६०,००० रुपये काढले. तीन लाखांत दहा गाणी, डिसेंबर २०२४ पर्यंत प्रकाशन, असं ठरलं. लेखी काहीच नव्हतं. कधीच नसायचं.

अडचण

दहापैकी सहा गाणी धाकट्यानं बांधली होती. तो घरी बसून गिटार वाजवायचा, सॉफ्टवेअरवर ड्रम रचायचा आणि तयार डेमो ग्रुपवर टाकायचा. त्याची पिढी असंच काम करते, आणि डेमो खरोखर चांगले होते. प्रश्न वेगाचा होता. दोन-तीन गाणी मिनिटाला १९० ठोक्यांच्या लयीत होती आणि त्यात डबल बेसचे, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या बेस ड्रमचे, सोळांश (एका ठोक्याच्या वेळात चार) सलग चालायचे. गणित केलं तर सेकंदाला साडेबाराहून थोडे जास्त ठोके पायांनी, म्हणजे प्रत्येक पायानं सहाहून जास्त, तेही अर्धा-अर्धा मिनिट न थांबता. सॉफ्टवेअरला कंबर नसते. ड्रमरला होती, आणि तिच्या मणक्यात दोन वर्षांपासून गॅप होता. डाव्या पायात कळ उतरायची. हे फक्त बेसवादकाला माहीत होतं.

गिगमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमात, हे कधी उघडं पडलं नाही. स्टेजवर लय किंचित खाली बसते, सगळे तिच्यासोबत खाली येतात, समोरच्याला काही कळत नाही. रेकॉर्डिंगमध्ये कानात क्लिक असतो, ठरलेल्या लयीची टिकटिक, आणि क्लिक कुणासाठी थांबत नाही. जून २०२४ मध्ये पहिल्यांदा क्लिकवर कच्चे ट्रॅक घेतले. रेकॉर्डिस्ट पंचविशीतला मुलगा. तिसऱ्या टेकनंतर स्क्रीनकडे बघत तो म्हणाला, "दादा, डावा पाय मागे पडतोय का, की हेडफोनमध्येच आवाज उशिरा येतोय?"

ड्रमर म्हणाला, "हेडफोन बघ जरा."

हेडफोन ठीक होता. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही पुढे बोललं नाही. त्या रात्री गायकानं ग्रुपवर लिहिलं, "डेमोतलेच ड्रम ठेवले तर? ऐकणाऱ्याला काय कळणारे?" ड्रमरनं होकाराचा अंगठा टाकला. पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी गाळ्यावर आला, आपले पेडल बॅगेत भरले आणि गाळ्याची किल्ली बेसवादकाच्या हातात देऊन गेला.

वरवर अडचण वेगाची होती. पण सव्वीस वर्षांत या बँडनं एकही निर्णय बसून घेतला नव्हता. "बघू रे" म्हणायचं आणि जे होईल ते होऊ द्यायचं, ही पद्धत. कोण आत, कोण बाहेर, हा प्रश्न आजवर पडलाच नव्हता, त्यामुळे तो कुणी सोडवायचा हेही माहीत नव्हतं. गायकाच्या मेसेजमध्ये दुष्टपणा नव्हता. तारीख जवळ येत होती आणि त्याला ती एक तांत्रिक सोय वाटली. ड्रमरनं तो मेसेज निरोपासारखा वाचला.

समोर असलेले पर्याय

संगणकाचे ड्रम हा सगळ्यात स्वस्त मार्ग. ते आवाज खऱ्या ड्रमचेच असतात, एकेक ठोका वेगवेगळ्या जोरानं रेकॉर्ड करून साठवलेला. नीट रचले तर इयरफोनवर ऐकणाऱ्या बहुतेकांना फरक कळत नाही. कितीतरी लहान बँड आज असेच अल्बम करतात. बेसवादकाचा आक्षेप एका वाक्यात होता: "आणि लाँचला काय, लॅपटॉप स्टुलावर बसवायचा?"

दुसरा पर्याय भाड्यानं ड्रमर आणण्याचा. मुंबईत असे वेगवान सेशन ड्रमर आहेत, गाण्यामागे पैसे घेतात, दोन दिवसांत काम संपवतात. थोरल्यानं ब्लॅक सब्बाथ या बर्मिंगहॅमच्या आद्य मेटल बँडचा दाखला दिला. २०११ मध्ये चौघं मूळ सदस्य पुन्हा एकत्र येत असल्याचं जाहीर झालं, पण करार सही करण्याजोगा नाही म्हणत ड्रमर बिल वॉर्ड बाजूला राहिला आणि २०१३ चा अल्बम ब्रॅड विल्कच्या ड्रमवर झाला. दाखला बरोबर होता, पण त्यातून थोरल्यानं काढलेला अर्थ मला पटला नव्हता. तो अल्बम गाजला, तरी वॉर्ड का नाही हा प्रश्न मिटला नाही. तो मिटला ५ जुलै २०२५ ला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर, चौघं शेवटचं एकत्र वाजवायला उभे राहिले तेव्हा. त्यानंतर सतरा दिवसांनी त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला.

तिसरा पर्याय रेकॉर्डिस्टनं सुचवला. ड्रमरनं जमेल तसं वाजवायचं, मग प्रत्येक ठोका संगणकावर उचलून क्लिकच्या रेषेवर बसवायचा आणि कमजोर ठोक्यावर ठेवणीतला दमदार ठोका चढवायचा. मेटलमध्ये हे सर्रास चालतं, त्यात लपवण्यासारखंही काही राहिलेलं नाही. ड्रमरला निरोप गेला. त्याचं उत्तर: "मग माझं नाव कशाला लावता? मशीनचं लावा."

क्लिक काढून टाकून पाचही जणांनी एका खोलीत एकत्र वाजवावं, हाही विचार झाला. आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडनं २००० साली गायक ब्रूस डिकिन्सन परतल्यावरचा पहिला अल्बम असाच, स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र वाजवून केला होता. अडचण अशी की एका खोलीत वाजवलं की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि चूक दुरुस्त करायला जागा उरत नाही. त्यासाठी पाचही जण एकसारखे तयार लागतात. शिवाय धाकट्याच्या गाण्यांत गिटारचे चार-चार थर होते, ते क्लिकशिवाय जुळणं कठीण.

राहिले दोन मार्ग: थांबणं, किंवा गाणी बदलणं. थांबण्याबद्दल फिजिओथेरपिस्टचं म्हणणं स्पष्ट होतं. तीन महिने नियमित व्यायाम केला तर कळ आटोक्यात येईल, पण पंचविशीतले पाय परत येणार नाहीत.

गाणी बदलण्याच्या बाजूनं बेसवादकानं ब्लॅक सब्बाथचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट काढली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं टोपणं करून बोटांवर चढवली, पातळ तारा लावल्या आणि १९७१ च्या अल्बमपासून गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली, तारा सैल व्हाव्यात म्हणून. ज्या जड आवाजाला आपण मेटल म्हणतो त्यातला बराच भाग असा दुखऱ्या हातातून आला. पॉवर प्रेसवर बोट जाणं म्हणजे काय हे वागळे इस्टेटमध्ये वाढलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बेसवादक ही गोष्ट सांगताना कुणी हसलं नाही.

काय केलं

जुलैमध्ये बेसवादकाच्या घरी बैठक झाली. ड्रमरला आणायला तो स्वतः कोपरीला गेला. दोन गोष्टी आधीच ठरल्या. अल्बमबद्दलचं काहीही यापुढे ग्रुपवर ठरवायचं नाही. आणि "ड्रमर वाजवणार की नाही" असा सरसकट प्रश्न विचारायचा नाही. एकेक गाणं समोर घेऊन, या गाण्याला काय हवं, एवढंच बोलायचं. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला हा सगळ्यात शहाणा निर्णय. माणसाबद्दल बोलणं अवघड जात होतं, गाण्याबद्दल बोलता आलं.

कंबरेची गोष्ट ड्रमरनं त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना सांगितली. गायक बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "साल्या, दोन वर्षं? आम्ही काय मेलो होतो?" माफीचा शब्द कुणी काढला नाही, आणि त्याची गरजही पडली नाही. वहिनींनी पोहे आणले आणि यादी सुरू झाली.

दहापैकी दोन गाणी तिथेच बाद झाली. ती तशीही कुणाला फारशी आवडत नव्हती. उरलेल्या आठांपैकी पाचांना वेगाची अडचणच नव्हती. वादाची तीन राहिली, तिन्ही धाकट्याची.

त्या तीन गाण्यांसाठी रेकॉर्डिस्टनं एक प्रयोग केला. तीच रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा), तेच वादन, तीन लयींत: १९०, १८० आणि १७२. कुठली कुठली आहे हे न सांगता सगळ्यांना ऐकवली आणि सगळ्यात जड कुठली वाटते ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. तीनपैकी दोन गाण्यांत बहुतेकांनी १७२ वाली निवडली. यात जादू नाही. गिटार खाली सी या स्वरापर्यंत उतरवलेली, म्हणजे जाड तारेचा मूळ स्वर साधारण ६५ हर्ट्झवर. बेस ड्रमचा दणकाही त्याच आसपास बसतो. सेकंदाला बारा-तेरा ठोके आले की एकाचं गुंजन संपायच्या आत दुसरा येतो, आणि खालच्या पट्टीत नुसता चिखल होतो. म्हणून वेगवान मेटलमध्ये बेस ड्रमचा खालचा भाग कापून त्याला टायपरायटरसारखी टिकटिक देतात. लय थोडी खाली आणली की ठोक्याला पोट परत मिळतं आणि तारेला नीट बोलायला वेळ मिळतो.

तिसरं गाणं मात्र १९० लाच उभं राहत होतं. खाली आणलं की ते लंगडायचं. तिथे ड्रमर आपणहून म्हणाला, "हे माझ्या विद्यार्थिनीला देऊ." ऐरोलीची मुलगी, वय २२, त्याच्याकडे सात वर्षं शिकलेली. पहिल्या दिवशी गाळ्यात येऊन तिनं विचारलं, "सर, तुमचा स्टूल खाली करू का?" आणि तीन टेकमध्ये गाणं संपवलं. गायकाचं मत होतं की तिला नाव मिळतंय हेच पुष्कळ. ड्रमरनं ते चालू दिलं नाही. बाहेरच्या सेशन ड्रमरला जे दिले असते तेच तिला द्यायला लावले, आणि अल्बमच्या आतल्या पानावर तिचं नाव त्या गाण्यापुढे छापायला लावलं.

ड्रमरचा स्वतःचा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर असा पसरला. त्याआधी तीन महिने व्यायाम. स्टूल उंच केला, गुडघ्यांपेक्षा कंबर वर राहील असा, आणि पाठीला टेकू लावला. एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त नाही.

गाळ्यातलं रेकॉर्डिंग

स्टुडिओऐवजी गाळा निवडला तो पैशासाठी. दोन-दोन तास करत ड्रम रेकॉर्ड करायचे तर स्टुडिओचं भाडं परवडलं नसतं. बिल्डिंगमध्ये तर प्रश्नच नव्हता: निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, औद्योगिक भागात ७५. पण शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालतो, आणि त्याचा प्रत्येक दणका जमिनीतून थेट बेस ड्रमच्या माइकमध्ये उतरतो. त्यामुळे काम शुक्रवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी. बाकीच्यांना त्यासाठी रजा टाकाव्या लागल्या.

भिंतींना गाद्या आणि जुन्या सतरंज्या लावल्या, पत्र्याच्या छताखाली जाड कापड ताणलं. आवाज बरा आला, पण एका जागी काम अडकलं. प्रत्येक ठोक्यामागे ड्रमच्या वर टांगलेल्या ओव्हरहेड माइकमध्ये बारीक किणकिण. झांजा काढून बघितल्या, स्टँडचे नट आवळले, स्नेअरची तार सोडली, माइक बदलले. अख्खा शुक्रवार त्यात गेला. दुपारी बेसवादक चहा घेऊन आला, दोन मिनिटं डोळे मिटून उभा राहिला आणि सरळ मागच्या रॅककडे गेला. तिथे रीमरचा, म्हणजे भोकं नेमक्या मापाची करण्याच्या हत्यारांचा, एक पत्र्याचा ट्रे होता. लहान-मोठे वीसेक रीमर, बेस ड्रम वाजला की एकमेकांना लागून थरथरायचे. त्यानं ट्रेमध्ये कापसाचा बोळा कोंबला. किणकिण गेली. रेकॉर्डिस्टनं पुढच्या शुक्रवारी येताना कापसाचं आणखी एक बंडल आणलं.

गिटार आणि बेस जानेवारीत झाले. गायन फेब्रुवारीत, वाशीच्या एका स्टुडिओत. दोन गाण्यांची पट्टी अर्ध्या स्वरानं खाली आणावी लागली आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. मिक्सिंगला मात्र थोरला अडून बसला. त्याला सगळं जोरात हवं होतं. स्ट्रीमिंगवर मोठी गाणी आपोआप खाली ओढली जातात, स्पॉटिफायचं प्रमाण उणे १४ लफ्स (आवाजाच्या जोराचं माप) आहे, मग दाबून मोठं केलेलं गाणं मोठं न वाटता नुसतं सपाट वाटतं, हे त्याला पटवायला मेटालिका या अमेरिकी मेटल बँडचा २००८ चा अल्बम ऐकवावा लागला. अती दाबलेल्या आवाजामुळे तेव्हा खुद्द चाहत्यांनीच ओरड केली होती.

लेखी करार

मार्चमध्ये अपलोडचे फॉर्म भरायची वेळ आली आणि "संगीतकार" या रकान्यापाशी सगळे थांबले. जुन्या चौघांची पद्धत सरळ: सगळी गाणी बँडची, नावं पाचही जणांची. ब्लॅक सब्बाथच्या सुरुवातीच्या गाण्यांवर चौघांची नावं आहेत, याचा दाखला पुन्हा निघाला. धाकट्याचं म्हणणं वेगळं. आठपैकी पाच गाणी त्यानं बांधलेली होती.

कायद्यात याचं उत्तर आहे, फक्त ते आधी वाचायला हवं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चाल, शब्द आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या कृती आहेत. चालीचा मालक ती रचणारा. त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा मालक ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा निर्माता, म्हणजे इथे पैसे काढणारे पाचही जण, प्रकाशनापासून ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रचनाकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडूनही देता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडल्यास. ड्रमरनं ठोके बदलले, लय खाली आली, यामुळे तो चालीचा सहरचनाकार होतो का, यावर खूप बोलणं झालं. वकिलांचा सल्ला होता की तुम्ही आपापसात ठरवून लिहून ठेवा, कोर्टानं ठरवायची वेळ आणू नका.

शेवटी असं ठरलं: ध्वनिमुद्रणाची कमाई पाच समान वाट्यांत. चालीची कमाई निम्मी रचणाऱ्याला, निम्मी पाचही जणांत. पुढे कुणी बँड सोडला तरी त्याचा वाटा चालू राहील. सह्या एप्रिलमध्ये झाल्या, म्हणजे सगळं वाजवून झाल्यावर.

निकाल

अल्बम ऑगस्ट २०२५ मध्ये आला, ठरल्यापेक्षा आठ महिने उशिरा. आठ गाणी. खर्च तीन लाखांवरून सव्वाचार लाखांवर गेला. वरचे पैसे बेसवादक आणि गायकानं घातले. सीडी थोड्याच छापल्या. टी-शर्टनी त्यांच्यापेक्षा जास्त पैसे परत आणले. मेटलच्या बाबतीत हे होतंच. लाँच नवी मुंबईतल्या एका पबमध्ये झालं. ड्रमरनं सात गाणी पूर्ण वाजवली, आठव्याला उठून स्टूल विद्यार्थिनीला दिला. त्या संध्याकाळी सगळ्यात मोठा ओरडा त्याच गाण्याला मिळाला, आणि स्ट्रीमिंगवरही तेच सगळ्यात जास्त ऐकलं गेलं आहे.

ऑक्टोबरमध्ये धाकट्यानं बँड सोडला. भांडण नाही, तारखा जमत नाहीत असं कारण. मला त्यानं नंतर सांगितलं ते असं: "लय खाली आणली त्याचं दुःख नाही. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मलाही एकच चिठ्ठी होती, ज्याची गाणी त्यालाही."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ड्रमरचा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी तो नात्याचा मानला: घरी बोलावलं, आणायला गेले, पोहे झाले. धाकट्याची गाणी बदलायची वेळ आली तेव्हा तोच प्रश्न तांत्रिक झाला: हर्ट्झ, लय, चिठ्ठ्या. प्रयोग चोख होता आणि निकालही बरोबर होता. पण ज्याच्या घरी तो डेमो रात्र-रात्र बसून तयार झाला, त्याला आधी एकट्याला विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण आठ वर्षांनंतरही तो "नवीन मुलगा" होता.

वेगळं काय करता आलं असतं

करार आधी. रचनेची वाटणी जुलैच्या त्याच बैठकीत लिहिली असती तर धाकट्याला लय बदलण्याच्या चर्चेत रचनाकार म्हणून वेगळी जागा मिळाली असती. पाचांतला एक म्हणून नव्हे, ज्याच्या होकाराशिवाय गाणं बदलत नाही असा माणूस म्हणून. वाद्याच्या मांडणीत बदल सगळ्यांनी ठरवावा, पण चाल आणि लय याबाबत शेवटचा शब्द रचणाऱ्याचा, एवढं एक वाक्य पुरलं असतं. बेसवादकाला हे पटतं, गायकाला अजूनही नाही. त्याच्या मते असा नियम असता तर ती दोन गाणी चिखलातच राहिली असती. असंही होऊ शकलं असतं.

कंबरेचा विषय जूनच्या आधी निघाला असता तर व्यायामाचे तीन महिने उन्हाळ्यातच संपले असते आणि रेकॉर्डिंग पावसाळ्यातच सुरू झालं असतं. पण यासाठी ड्रमरला दोष देणं मला जमत नाही. ज्या बँडमध्ये कुणी कधी कुणाला बदललेलं नाही, तिथे आपण बदलले जाऊ शकतो हे पहिल्यांदा आपणच बोलून दाखवायचं, हे सोपं नाही. ज्यूडास प्रीस्ट या ब्रिटिश मेटल बँडचा गिटारवादक ग्लेन टिप्टन यानं २०१८ मध्ये आपल्याला पार्किन्सनचा आजार असल्याचं जाहीर केलं. दौऱ्यावर दुसरा गिटारवादक उभा राहिला, टिप्टन सदस्य राहिला. सोडून जाणं आणि पूर्ण वाजवणं यांच्यामध्ये तिसरी जागा असते, हे या बँडमधल्या कुणीतरी जूनमध्ये मोठ्यानं म्हणायला हवं होतं. ग्रुपवर नव्हे.

विद्यार्थिनीच्या बाबतीत एक गोष्ट अर्धवट राहिली. तिला पैसे दिले, नाव दिलं, पण वादक म्हणून तिच्या हक्काबद्दल काही लिहून घेतलं नाही. ते गाणं सगळ्यात जास्त चालतं आहे म्हटल्यावर हे लवकर करायला हवं, असं मी बेसवादकाला कळवलं आहे.

बँडच्या नावाच्या ट्रेडमार्कचा अर्ज, मनोरंजनाच्या ४१व्या वर्गात, अजून केलेला नाही. तो कुणाच्या नावानं करायचा यावर एकमत नाही. धाकट्याच्या जागी माणूस शोधणं चालू आहे. रविवारी सराव होतो.